बाळाची नोंद: आशाताईंच्या वहीत आणि आपल्या घरात

घरात बाळ आले की आपल्याकडे दिवस मोजले जातात. छटी, नाव ठेवणे, अकीका आणि शेवटी चिल्ल्याची आंघोळ. त्याच दिवसांत आशाताईही आपले दिवस मोजत असतात. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचे असते. बाळंतपण घरीच झाले तर पहिल्या दिवशीही. म्हणजे आपला चिल्ला आणि सरकारी घरभेटींची मुदत जवळजवळ एकच.

असे असूनही आपल्या कितीतरी घरांत या भेटी नीट होत नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत आहे. गरोदरपणाची नोंद बोईसरला, बाळंतपण भिवंडीला, मालेगावला किंवा थेट उत्तर प्रदेशातल्या गावी. बोईसरच्या आशाताईंच्या वहीत ही बाई ‘बाहेरगावी’ आणि माहेरच्या वहीत तिचे नावच नाही. बाळाच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक सहा आठवडे असे दोन वह्यांच्या मधल्या जागेत निघून जातात. या महिन्यात आपण या वह्यांबद्दल बोलू. विषय कोरडा वाटेल, पण त्या आकड्यांमागे आपलीच मुले आहेत.

घरी कोण येते, काय लिहून नेते?

पुष्कळ घरांत ‘दवाखान्यातल्या बाई आल्या होत्या’ एवढेच सांगितले जाते. खरे तर तीन वेगवेगळ्या बाया येतात. आशाताई आरोग्य खात्यासाठी काम करतात. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, श्वास मोजतात, आई दूध कसे पाजते ते बघतात, नाळ कोरडी आहे का ते तपासतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल तर तो धोक्याचा इशारा असतो, हे त्यांना शिकवलेले असते. बेचाळीस दिवसांनंतरही त्यांचे काम संपत नाही. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही घरभेट ठरलेली आहे.

दुसऱ्या अंगणवाडी सेविका. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतल्या या ताई. मुलांचे वजन-उंची घेणे, घरपोच आहार देणे आणि शाळेपूर्वीचे शिक्षण ही त्यांची कामे. मार्च २०२१ पासून त्यांची बरीचशी नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल ॲपवर जाते. तिसऱ्या आरोग्यसेविका, ज्यांना आपण ‘नर्सबाई’ म्हणतो. त्या लस देतात.

तिघींच्या नोंदी वेगळ्या, साहेब वेगळे, कधी कधी बाळाच्या नावाचे स्पेलिंगही वेगळे. तिघींच्या नोंदी एकत्र येतात त्या एकाच ठिकाणी, तुमच्या घरातल्या माता व बाल संरक्षण कार्डावर. म्हणून ते कार्ड रेशनकार्डाइतकेच जपायला हवे.

गडचिरोलीने काय शिकवले?

घरी जाऊन बाळ पाहणे आणि नीट लिहून ठेवणे यातून काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या काळी तिथली बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि बरीच बाळे पहिल्या महिन्यातच जात. १९९३ ते १९९८ या काळात संस्थेने ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणतात. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा चालू होती. दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू सारख्याच काळजीने मोजले गेले.

सुरुवातीला त्या ३९ गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत घरभेटींची पद्धत देशभर सुरू केली. तुमच्या दारात येणाऱ्या आशाताईंच्या हातातला तक्ता असा गडचिरोलीच्या झोपड्यांतून आलेला आहे.

या कामात औषध जितके महत्त्वाचे होते, तितकीच मोजणीही. आरोग्यदूताने लिहिलेले कोणीतरी गावात जाऊन पुन्हा तपासत असे. जन्म-मृत्यूची नोंद वेगळ्या मार्गाने पडताळून पाहिली जात असे. मोजणीच कच्ची असती तर बाळे वाचली की मृत्यूची नोंदच झाली नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

ही शंका पुढे खरी ठरली. २००१ मध्ये ‘सर्च’ आणि इतर स्वयंसेवी संस्थांनी मिळून राज्याच्या वेगवेगळ्या भागांत घरोघरी जाऊन बालमृत्यू मोजले. ‘कोवळी पानगळ’ हा त्यांचा अहवाल. प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी दप्तरातल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. त्यानंतर राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. ज्या बाळाचा मृत्यू कागदावर येत नाही, त्याच्यासाठी ना डॉक्टर वाढतो, ना गाडी, ना औषध.

आपला पालघर जिल्हा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात होतो. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंमुळे राज्यभर गाजले. वयाने मोठ्या वाचकांना ते आठवत असेल. आजही कुपोषण म्हटले की जव्हार-मोखाड्याचे नाव निघते आणि आपण पालघर-बोईसरवाले समजतो की हा डोंगरातल्या आदिवासींचा प्रश्न, आपला नव्हे.

जरा आजूबाजूला पाहा. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गावच्या अंगणवाडीत मुलाचे नाव आहे पण मूल नाही. भट्टीवर मूल आहे पण नाव नाही. आता हेच चित्र तारापूर एमआयडीसीच्या आसपासच्या चाळींत बघा. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडहून आलेला कामगार, भाड्याची खोली, करार संपला की दुसरी खोली. कारखाना बदलला की वस्ती बदलते. त्यात आपल्या समाजाची घरे कमी नाहीत. वीटभट्टीवरचे आदिवासी मूल आणि चाळीतले आपले मूल, वहीच्या दृष्टीने दोघेही सारखेच हरवलेले.

मी शिक्षिका आहे, म्हणून शाळेच्या भाषेत सांगते. पटावर चाळीस मुले आणि चाळीसही हजर, तर हजेरी शंभर टक्के. पण गल्लीत दहा मुले शाळेबाहेर फिरत असतील तर त्या शंभर टक्क्यांचा अर्थ काय? अंगणवाडीचेही तसेच आहे. ‘नोंदलेल्या सर्व मुलांचे वजन झाले’ हे वाक्य खरे असू शकते आणि तरीही वस्तीतली कितीतरी मुले वजनाशिवाय राहिलेली असू शकतात. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच हवा: वस्तीत मुले किती आणि वहीत किती?

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली, तेव्हा मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली बरीच मुले होती. या तिन्ही ठिकाणी आपली वस्ती दाट आहे. साथ आल्यावर पथके घरोघर फिरून लस राहिलेली मुले शोधू लागली. तीच यादी साथीच्या आधी पूर्ण असती तर?

आकडा कुठे बिघडतो?

शाळेत प्रवेशाच्या दिवसांत एक गंमत दिसते. जुन्या रजिस्टरांत पाहिले तर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून! तारीख ठाऊक नसली की शाळा सुरू होण्याच्या बेताची तारीख लिहून टाकायची, ही जुनी रीत. खऱ्या तारखा असत्या तर चाळीस मुलांच्या वर्गात दर महिन्याला तीन-चार वाढदिवस आले असते. एकाच दिवशी दहा-बारा आले की समजावे, ही तारीख आईने सांगितलेली नाही, कोणीतरी बसवलेली आहे.

बाळाच्या वजनाचेही असेच ओळखता येते. एखाद्या यादीत सगळी वजने आठ, नऊ, दहा, साडेदहा अशी गुळगुळीत असतील तर काट्याकडे नीट पाहिलेले नाही. एकाच बाळाचे वजन तीन महिने तेवढेच असेल तर दोन शक्यता: बाळ वाढत नाही, किंवा मागचा आकडा उतरवला. दोन्ही गोष्टी तातडीने पाहण्यासारख्या आहेत. जन्मतारीख चुकली तर वजन बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो, कारण वाढीचा तक्ता वयावर चालतो. आठ महिन्यांच्या बाळाला अकरा महिन्यांचे लिहिले तर धडधाकट बाळ कुपोषित ठरते. अकराचे आठ केले तर कुपोषित बाळ धडधाकट ठरते, आणि हे जास्त घातक.

यात सेविकांना दोष देणे सोपे आहे. त्यांची बाजूही पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट, वारंवार बंद पडणारे आणि ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. आशाताईंना नवजात बाळाच्या ठरलेल्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळतात. अर्ज भरला तर पैसे, आणि दार बंद होते म्हणून भेट झाली नाही तर काही नाही. शिवाय ज्या सेविकेच्या यादीत कुपोषित मुले जास्त, तिलाच बैठकीत उभे करून विचारले जाते. पुढच्या महिन्यात ती खरे लिहील का? जो खरे सांगतो त्यालाच शिक्षा मिळाली, तर वर्गातली मुलेही खोटे बोलायला शिकतात. जास्त कुपोषित मुले शोधून काढणारी सेविका कामात कमी नसते. कदाचित तीच नीट मोजत असते.

सुधारणा म्हणजे काय?

वही नुसती भरून वर पाठवली तर तिचा उपयोग थोडा. ज्यांनी ती भरली त्यांनीच ती महिन्याला एकदा उघडून चार प्रश्न विचारावेत. कोणाकडे जायचे होते? किती जणांकडे वेळेवर गेलो? तिथे काय आढळले? जे आढळले त्याचे पुढे काय झाले?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वस्तीत या महिन्यात दहा बाळंतपणे झाली आणि सातव्या दिवसाची भेट पाचच ठिकाणी झाली. ‘काम पन्नास टक्के, सुधारणा करा’ असा शेरा मारून काही होत नाही. उरलेल्या पाच ठिकाणी का झाली नाही ते विचारायचे. समजा तिघी माहेरी गेल्या होत्या, एक अजून दवाखान्यातच होती आणि एका घरी ‘चिल्ल्यात बाहेरच्या बाईने बाळाला हात लावायचा नाही’ असे सांगितले गेले. आता प्रत्येकावर वेगळा उपाय हवा. आठव्या महिन्यातच ‘चिल्ला कुठे करणार?’ हे विचारून तिथला फोन नंबर लिहून घ्यायचा आणि माहेरच्या आशाताईंना कळवायचे. ज्या घरात दादींची भीती आहे, तिथे बाळंतपणाआधीच दादींशी बोलायचे. आल्यावर त्यांच्यासमोर साबणाने हात धुवायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचे. पाचाच्या जागी सात झाले तर उपाय चालू ठेवायचा, नाही झाले तर दुसरा शोधायचा. यासाठी मोठे संगणक लागत नाहीत. खरा आकडा आणि तो सांगताना भीती नसणे एवढेच लागते.

भेट झाली एवढ्यावरही समाधान मानू नये. ती कशी झाली हे पाहावे. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवत. खेळणी घरगुती, टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी पाहिले तर ही मुले तशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. दाराबाहेरून ‘सगळे ठीक ना?’ विचारून सही घेणारी भेट आणि चटईवर बसून बाळाशी बोलणारी भेट, वहीत दोन्हींची खूण एकच. फरक फक्त आईला माहीत असतो. म्हणून पर्यवेक्षिकेने अधूनमधून आईलाच फोन करून विचारावे: ताई आल्या होत्या का, किती वेळ बसल्या, काय सांगितले?

आपल्या घराची बाजू

आता थोडे आपल्याविषयी. माहिती द्यायला आपली घरे कचरतात, हे खरे आहे आणि त्याला कारणही आहे. २०२० च्या सुरुवातीला नागरिकत्वाच्या कागदपत्रांची चर्चा चालू असताना कोणी वही घेऊन दारात आले की लोक घाबरत. त्या भीतीला हसण्यात अर्थ नाही. पण ती भीती बाळाच्या लसीपर्यंत आणि वजनापर्यंत पोचू देण्यात नुकसान आपलेच आहे. आलेल्या ताईंना ओळखपत्र मागा, माहिती कशासाठी हवी ते विचारा, लिहिलेले वाचून दाखवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या कार्यकर्तीला त्याचा राग येत नाही. खात्री झाली की मात्र खरे सांगा. खोटी जन्मतारीख, चुकीचा फोन नंबर, ‘लस झाली’ असे खोटेच सांगणे, यात सेविका फसत नाही, बाळ फसते.

घरात एवढ्या गोष्टी पाळता येतील:

जन्माचा दाखला लवकर काढा. बाळाचे नाव आणि त्याचे स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. मोहम्मद, मुहम्मद, मोहद अशी तीन रूपे तीन ठिकाणी लिहिली की पुढे शाळेत आम्हालाही त्रास आणि तुम्हालाही.

माहेरी जाताना कार्ड सोबत न्या. तिथे पोचल्यावर दोन-तीन दिवसांत तिथल्या आशाताईंना निरोप पाठवा. खोली बदलली तर जुन्या अंगणवाडीत सांगून निघा. पोषण ट्रॅकरवर नाव दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येते, पण कोणी सांगितले तरच.

वजन करताना काट्याकडे स्वतः बघा. कार्डावरच्या तक्त्यावर ठिपका मारून घ्या. मुलीचा आणि मुलाचा तक्ता वेगळा असतो. ठिपक्यांची रेघ वर चढते तोवर बरे. रेघ आडवी झाली तर ठिपका हिरव्या पट्ट्यात असला तरी विचारा, आणि खाली वळली तर वाट पाहू नका.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ‘आमच्या खानदानात मुले बारीकच असतात’ असे म्हणून ते मागे टाकू नका.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी नाही, घुट्टी नाही. मध तर वर्ष होईपर्यंत नाहीच. आशाताईंनी विचारले तर जे दिले ते खरे सांगा. त्या ओरडायला नाही, मदतीला आलेल्या असतात.

आणि अब्बांनो, एक विनंती. कारखान्यातल्या तुमच्या शिफ्टच्या पावत्या तुम्ही जपून ठेवता. बाळाचे कार्ड कुठे ठेवले आहे आणि पुढची लस कोणत्या तारखेला आहे, हेही तुम्हाला माहीत असू द्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाहून थोडे जास्त. यातले बरेचसे नुकसान पहिल्या दोन वर्षांत होते आणि नंतर भरून निघणे फार कठीण असते. पहिलीत येणाऱ्या मुलांना अक्षर शिकवणे आमच्या हातात आहे, पण ती दोन वर्षे आमच्या हातात नसतात. ती आईच्या, आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या हातात असतात.

आज एवढेच करा. घरात दोन वर्षांखालचे मूल असेल तर कपाटातून त्याचे कार्ड काढा आणि शेवटचा ठिपका कोणत्या महिन्याचा आहे ते पाहा. दोन महिन्यांपेक्षा जुना असेल तर उद्याच अंगणवाडीत जा. शेजारच्या खोलीत नवीन कुटुंब आले असेल आणि त्यांच्या कडेवर बाळ असेल, तर त्यांनाही सोबत न्या. त्यांचे नाव अजून कोणत्याच वहीत नसेल.